घराजवळच्या चार ओळी

सकाळची फवारणी आटोपून बागवान घरी आला, तेव्हा त्याची बहीण दाराची चौकट धरून खोकत होती. शहरात ताईला दम लागायचा. "महिनाभर माझ्याकडे राहा, पेरूच्या बागेतली हवा म्हणजे औषध," असं म्हणून त्यानेच तिला आग्रहाने आणलं होतं. आठवडा झाला, तरी उतार पडेना.

"जागा बदलली की होतं असं," ताई म्हणाली. भावाला लागेल असं ती कधीच बोलायची नाही.

त्याची बायको मात्र तोंडावर बोलणारी. "अहो, सोमवारी तुम्ही फवारलंत, सोमवारी त्यांना दम लागला. आज फवारलंत, आज पुन्हा. मधले दोन दिवस ताई मजेत हिंडत होत्या. हवा म्हणजे औषध म्हणालात ना? औषधच आहे त्या हवेत."

"काहीतरीच. मी झाडांवर मारतो, घरात नाही."

बायकोने वाद घातला नाही. बाहेर दोरीवर वाळत घातलेला उशीचा अभ्रा तिने आणला आणि त्याच्या नाकापाशी धरला.

त्याने हुंगला. "कसलाच वास येत नाही."

"तुम्हाला कुठून येणार? वीस वर्षं फवारताय. नाक मेलंय तुमचं."

तो हात धुवायला मोरीत गेला. साबण हातात घेतला, नाकाशी नेला. त्याचाही वास येईना.

त्या दिवसापासून घराजवळच्या चार ओळींवर त्याने औषध मारलं नाही. उरलेल्या बागेतही वारा घराकडून पलीकडे वाहत असला, तरच पंप सुरू करायचा. वारा फिरला की काम अर्धवट टाकून यायचा.

तिसऱ्या आठवड्यात ताई बागेच्या टोकापर्यंत जाऊन आली, कुठेही न थांबता. येताना जवळच्या ओळीतला एक पिकला पेरू तोडून आणला. पायरीवर बसून तिने तो चिरला, तर आत पांढरी अळी वळवळत होती.

भावाचा चेहरा उतरला. "टाक तो. दुसरा आणून देतो."

ताईने अळीची फोड अलगद बाजूला ठेवली आणि उरलेला पेरू खायला घेतला.

"असू दे रे," ती म्हणाली. "तिला मानवली ना इथली हवा, मग मलाही मानवेल."