ढगांवरचा चंद्र

संकष्टीचं ताट झाकून ठेवून शर्वरी गच्चीत उभी होती. आभाळ गच्च भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही. तेवढ्यात इंदूरहून नवऱ्याचा फोन आला. शेठच्या खासगी विमानाचा तो सहवैमानिक. नुकताच तिथं उतरला होता.

"उपास सुटला का गं? आम्हाला ढगांच्या वर लख्ख चंद्र दिसला. शेठाणीबाईंनी खिडकीतूनच हात जोडले आणि तिथंच उपास सोडला."

"ताट कोणी वाढलं?"

"मीच. एवढ्याशा विमानात वाढायला वेगळं माणूस कुठलं? धक्के बसत होते, तरी मोदकावरच्या तुपाचा थेंब सांडू दिला नाही."

शर्वरीच्या रिकाम्या पोटात भलतंच काही पेटलं. व्रताच्या दिवशी कुणाचा हेवा करू नये, हे तिला कळत होतं. चंद्र त्या बाईला आधी दिसला, त्याचं काही नाही. पण घरात जो पाण्याचा पेलासुद्धा आपल्या हातानं घेत नाही, त्यानं तिला तूप वाढलं?

"तू जेवून घे," तो म्हणाला. "ढग असले की वेळ पाहून सोडतातच ना उपास? आम्ही कधी निघू ते शेठनाच ठाऊक."

"कधीही या, मी थांबते," ती हळू आवाजात म्हणाली. "फक्त गणवेश उतरवू नका. आल्या आल्या हात धुवायचे आणि मला वाढायचं."

त्याला हसू दाबता येईना. "आणि तूप?"

"तिला घातलंत त्याहून चमचाभर जास्त."