सिस्टरांचा डावा हात

लसीकरणाच्या दिवशी पुष्पलता सिस्टरांचा डावा हात कायम कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर असायचा, लाकडी फूटपट्टी धरून. यादी लसींच्या तारखांकडे आडवी सरकवली की बाळांची नावं स्क्रीनबाहेर गडप व्हायची. मग पट्टी लावूनच ओळ सांभाळायची. एकदा ती निसटली आणि एकाची लस भलत्याच्याच नावावर पडली. ते निस्तरायला सिस्टरांनी भर उन्हात दोन वस्त्या पालथ्या घातल्या होत्या.

आज तालुक्याहून नवी यादी आली. सवयीने पट्टी टेकवून त्यांनी यादी सरकवली. तारखा सरकल्या, नावं जागची हलेनात. सिस्टर यादीत खाली गेल्या, तरी लसींच्या नावांची ओळ वर तशीच.

त्यांनी तालुक्याच्या ऑफिसातल्या शाल्मलीला फोन लावला. “अगं, हे तू केलंस?”

“हो सिस्टर. यादी बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोन ओळी घातल्या. आता दर महिन्याला अशीच येईल.”

“पण मी बोलले कधी होते?”

“प्रिंटर बघायला आले होते ना, तेव्हा स्क्रीनवर पट्टीचे ओरखडे दिसले.”

सिस्टरांनी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि फोन ठेवला. समोर एक आई रडतं बाळ, पिशवी, कार्ड सांभाळताना मेटाकुटीला आली होती.

“आण त्याला,” म्हणत सिस्टरांनी पट्टी ठेवून डावा हात पुढे केला.