ट्यूलिप आणि द्राक्षं

एप्रिलमध्ये अमेरिकेत लेकीकडे आलेली आई आता सप्टेंबर संपताना, येत्या शनिवारी, नागपूरला परत निघणार होती. ऑफिसच्या धबडग्यात तिला काहीच दाखवून झालं नव्हतं, म्हणून सुलेखा रविवारी तिला म्युझियममध्ये घेऊन गेली. आई एका जुन्या डच चित्रापुढे थांबली. चित्रात एक गृहस्थ आपल्या बागेत एकटाच उभा होता.

"आई, तिकीट पुढे ढकलूया का?" सुलेखाने ऑफिसचा ब्लॅकबेरी फोन पर्समध्ये टाकत विचारलं. "व्हिसा एक्स्टेंड करता येतो. राहा ना अजून."

आईने आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. ती चित्राकडेच बघत होती.

"ही ट्यूलिप वसंतातली. आणि वेलीवरची द्राक्षं बघ, पार पिकलीत. म्हणजे सप्टेंबर लागला. बिचारा वसंतापासून बागेतच उभा आहे गं."

सुलेखा हसली. "अगं, असं चित्र एका दिवसात थोडंच होतं? चित्रकार कितीतरी महिने त्याच्यासमोर येऊन बसत असेल."

"रोज?"

"रोजच असेल."

"मग बरं होतं त्याचं," आई म्हणाली. "माझं तिकीट शनिवारचंच राहू दे."