शून्याची बरणी

विज्ञानाचं शून्य अढळ असतं. या प्रयोगशाळेतलं शून्य चहाच्या कपाटात होतं, कारण बाकीच्या कपाटांना ओल यायची.

ते शून्य म्हणजे साखरेची एक बरणी. समस्थानिकांचं गुणोत्तर मोजणारं यंत्र मधातला जड आणि हलका कार्बन मोजायचं खरं, पण आकडा सुटा सांगायचं नाही. बरणीतल्या साखरेपेक्षा मध दर हजारी किती जड किंवा हलका, एवढंच सांगायचं. त्या भरवशावर विभागप्रमुखांनी अकरा वर्षं एकाच पोळ्याचा मध मोजला, आणि मधाने चक्क उड्या मारल्या. मधेच एकदम चौदाने वर, काही महिन्यांनी तितकाच खाली. यंत्र चारदा तपासलं. यंत्र निर्दोष निघालं.

प्रमुखांनी या उड्यांना नाव दिलं : मधु-उत्प्लव. मधली आडवी रेघ ठेवावी की काढावी, यावर तीन बैठका झाल्या. रेघ जिंकली.

आज परिभाषा समितीच्या अध्यक्षबाई आल्या होत्या. त्यांची सही झाली, की शब्द कोशात जाणार होता. प्रमुखांच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. सगळी प्रयोगशाळा हवेत होती. तंत्रज्ञ बाई शिट्टी वाजवत होत्या, लेखनिकाने यंत्राला मिठी मारली होती. प्रमुखांनी गिरक्या घेतच घरी फोन लावला.

"अगं, मी कोशात चाललो!"

"जा. पण डबा इथेच राहिलाय," बायको म्हणाली.

अध्यक्षबाईंनी पेन उघडलं. सहीआधी चहाचा एक घोट घेतला.

"वा! चहा फर्मास झालाय हो."

"घ्या ना अजून," चहा करणाऱ्या मावशी खूश झाल्या आणि साखर घालायला त्यांनी कपाटातून बरणी काढली. तीच.

प्रमुखांची गिरकी अर्ध्यात थांबली. "मावशी... तुम्ही या बरणीतली साखर चहात घालता?"

"आल्यापासून. अकरा वर्षं झाली की! पण साहेब, कधी कमी पडू दिली नाही हं. तळ दिसला की दुकानातून आणून काठोकाठ भरते."

"एकाच प्रकारची ना?" प्रमुखांचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"कुठली हो! कधी उसाची मिळते, कधी बिटाची. आपल्याला काय, गोडीला दोन्ही सारख्याच."

अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं.

उसाच्या आणि बिटाच्या साखरेतल्या जड कार्बनात फरक असतो तो दर हजारी चौदाचा.