तांबडं बटण

"छातीत दुखलं तर लगेच सांगायचं," डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि हृदयाच्या तपासणीसाठी सरकत्या पट्ट्यावर चालणाऱ्या बुद्धरत्नने तिसऱ्यांदा मान डोलावली. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या मिनलने कपाळावर हात मारून घेतला. हा माणूस आणि सांगणार!

छातीला वायरी चिकटवताना बाईंनी स्वभाव विचारला होता. चिडचिड होते का, ताण घेता का. "मी शांत आहे. राग हिला येतो," नवरा म्हणाला होता. खोटं नव्हतंच ते. टँकरवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत मिनलने कुणाला सोडलं नव्हतं. हिलाच एक दिवस अ‍ॅटॅक येणार, असं अख्ख्या संत तुकाराम नगरात बोलायचे. तिचं बीपी मात्र एकशेवीस-ऐंशी, ठणठणीत.

"यांच्या वाटचंही मलाच भांडावं लागतं, मॅडम," ती फणकारली होती. "दिवाळीत डबल शिफ्ट यांनाच. दुसऱ्याची चूक यांच्याच नावावर. आणि घरी येऊन म्हणणार काय, तर जाऊ दे ना."

"रागीट पेशंट निदान ओरडून सांगतो," बाई म्हणाल्या होत्या. "मला धास्ती अशा शांत माणसांची."

पट्ट्याच्या दांडीवर, हाताशी, एक तांबडं बटण होतं. चाकणच्या कंपनीत बुद्धरत्नच्या लाइनवरही असंच एक होतं. ते दाबलं की अख्खी लाइन थांबायची, आणि दाबणाऱ्याला कागदावर कारण लिहून द्यावं लागायचं. बावीस वर्षांत त्याने ते एकदाही दाबलं नाही, म्हणून कंपनीने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. मिनलला ते घड्याळ बघितलं की संताप यायचा.

पट्ट्याचा चढ वाढला. बाई कागदावर उमटणाऱ्या रेघांकडे बघत होत्या.

"जमतंय ना? दुखत नाही?"

"नाही नाही. चालू द्या," तो हसून म्हणाला.

ते हसू मिनलच्या ओळखीचं होतं. दिवाळीतल्या डबल शिफ्टचं सांगताना तो अस्साच हसला होता. ओठ पांढरे पडलेले, कपाळावरून घाम ओघळतोय, आणि हा हसतोय! तिचं डोकंच फिरलं. ती ताडकन उठली आणि तिने ते बटण दाबलं.

"मरायचंय का तुम्हाला? तोंडाला काय कुलूप लावलंय?"

पट्टा थांबला. बाई रागावल्या नाहीत. "मीही थांबवतच होते," म्हणत त्यांनी त्याला कॉटवर झोपवलं आणि जिभेखाली गोळी ठेवली. दोन माणसं धावत आली. आता घरी जायचं नाही, इथेच ॲडमिट, असं बाईंनी सांगितलं.

"कधीपासून दुखत होतं?"

"पहिल्या चढापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बाहेर लोक खोळंबलेत, मॅडम. म्हटलं, माझ्यामुळं मशीन थांबायला नको."

मिनलला ओरडायचं होतं. पण ती नुसतीच त्याच्या कपाळावरचा घाम ओढणीने पुसत राहिली. त्याने हळूच तिचा हात बाजूला केला आणि बाईंकडे बघितलं.

"बटण हिनं दाबलं, मॅडम, पण हिला काही बोलू नका. कागद द्या, कारण मी लिहून देतो."