तक्रारीची चिठ्ठी

मास्तरीणबाईंच्या सँडलची टाच बसवून झाली, तसा कारागिराने आत हात घातला आणि बोटांनी तळ चाचपला. खिळ्याचं टोक वर आलेलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्याच्या दुकानातून जोडा बाहेर जात नसे. सहा वर्षांपूर्वी तो जिन्यावरून पडला, पाठीचा कणा मोडला, छातीखालचं शरीर मुकं झालं, बसायच्या खुर्चीला चाकं आली. शिरस्ता तेवढा तसाच राहिला.

सँडलला बांधलेली 'उजवी टाच हलते' ही चिठ्ठी त्याने फाडून टाकली. तेवढ्यात त्याचा डावा पाय आपोआप उडाला.

"गप बस रे," म्हणत त्याने तो तळहाताने दाबून धरला. पाय असे अधूनमधून झटके देत, आज जरा जास्तच. "तासभर झाला, नाचतोय नुसता. आणि वर डोकं फुटायला आलंय."

"ऊन लागलं असेल." मास्तरीणबाईंनी पर्स उघडली. शाळा सोडून दहा वर्षं झाली, तरी आख्ख्या वर्गाला पुरतील एवढ्या गोळ्या त्या जवळ बाळगत. "ही घे."

शिलाई मशीनवरून त्याची बायको उठून आली. नवऱ्याचा चेहरा लालबुंद, कपाळावर घाम.

"गोळी नको, बाई." तिने फळीवरचं यंत्र काढून त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "एकशे ऐंशी. यांचं एरवी शंभर असतं."

"अगं बाई! मग दवाखान्यात..."

"नंबर भिंतीवर लिहिलाय, तेवढा फोन लावता? गाडी पाठवा म्हणावं. तोवर मी शोधते."

"शोधतेस काय?"

"खाली कुठेतरी काही अडलंय, नाहीतर टोचतंय. ते सापडेपर्यंत रक्तदाब चढत राहतो. मग डोक्यातली शीर फुटते." दूध उतू जाईल म्हणावं इतक्या साध्या आवाजात ती हे बोलली.

"ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना, तसंच हे," मास्तरीणबाई फोन कानाला लावून पुटपुटल्या.

"यांचं तसंही नाही. जळतं खाली, कळतं वर."

तिने त्याला ताठ बसवलं. लघवीची नळी पाहिली, कुठे मुडपलेली नव्हती. पिशवी अर्धीच भरलेली. कमरेचा पट्टा सैल केला, पँटच्या खिशात काही राहिलंय का ते चाचपलं. तिला भीती वाटत होती. ही चौथी वेळ होती, पण भीतीची काही सवय होत नाही.

"बूट," ती म्हणाली.

"बूट राहू देत. कालच टाचा बदलल्यात मी. माझ्या हातचा बूट आजवर कुणाला चावलेला नाही."

"त्या लोकांना चावलेलं कळत होतं."

उजवा पाय ठीक होता. डावा बूट काढला, तर मोज्याच्या टाचेवर रुपयाएवढा रक्ताचा डाग.

त्याने बुटासाठी हात पुढे केला. आत बोटं घातली आणि झटकन बाहेर काढली.

"यात हात घालून पाहिलं नव्हतंत?" बायकोने विचारलं.

"नाही."

"का?"

"म्हटलं, याला काय कळतंय."

तिने जखम धुऊन पट्टी बांधली. पाच मिनिटांनी यंत्र एकशे चाळीस म्हणालं, आणखी थोड्या वेळाने एकशे दहा. त्याच्या कपाळावरचा घाम वाळला. गाडी आल्यावर निदान जखम तरी दाखवून घ्यायची, असं बायकोने सांगून टाकलं. त्यानेही कधी नव्हे ते ऐकलं. मास्तरीणबाईंनी गोळी पुन्हा पर्समध्ये ठेवली आणि सँडल घातली. मात्र त्या जागच्या हलल्या नाहीत.

त्याने पक्कड घेऊन खिळा उपटला. पण बूट बायकोला दिला नाही. फळीवरून एक कोरी चिठ्ठी ओढली, दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक जोड्याला बांधायचा तसली. गिऱ्हाइकाच्या नावाशी पेन्सिल जरा थांबली.

मग त्याने लिहिलं, 'डावा पाय.' आणि खाली तक्रार: 'टोचतंय. तासभर सांगत होता.'