तिसरी घिरटी

डोंगरावरच्या चिमुकल्या हेलिपॅडवर डॉक्टर पार कावून गेला होता. दवाखान्यात तो कालच रुजू झाला होता, आणि आज ही म्हातारी छाती दाबून स्ट्रेचरवर कण्हत होती. द्यायची ती इंजेक्शनं देऊन झाली होती. हेलिकॉप्टर दोनदा घिरट्या घालून परत गेलं होतं. आता तिसऱ्यांदा ढगांमागे घरघर ऐकू येत होती.

"हेलिपॅड, वारा सांगा," रेडिओवर पायलट म्हणाला.

हेलिपॅड सांभाळणाऱ्या बाईने वर पाहिलं. खांबावरची कापडी पिशवी वाऱ्याने आडवी ताठ झाली होती.

"कमी झालाय म्हणून सांगा!" डॉक्टर ओरडला. "येऊ दे त्याला!"

"वारा जोरात आहे. ढग खालपर्यंत आलेत," ती रेडिओवर म्हणाली. "उतरता येणार नाही."

"ठीक आहे. परत फिरतोय."

घरघर लांब गेली. डॉक्टरने हातातली फाइल आपटली. "तुम्हाला नियम प्यारा आणि त्याला स्वतःचा जीव! त्याची आई इथे पडलेली असती, तर झक मारत उतरला असता!"

रेडिओ पुन्हा खरखरला.



"ताई, आईच्या कानाशी रेडिओ धर ना जरा."